डोंगरावरचं ‘चिकू शेड’

सिमकार्ड काढायची बारीक पिन असते ना, ती मी आयुष्यात एकदाही विकत आणलेली नाही. तरी माझ्या दुकानाच्या खणात आज मूठभर पिना आहेत. लोक फोनबरोबर घेऊन येतात आणि बोलता बोलता काउंटरवर विसरून जातात. किश्श्यांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी देऊन जात नाही, पण संध्याकाळी शटर ओढताना दोनचार मागे राहिलेले असतात.

माझं दुकान कासाला, जीप उभ्या राहतात त्याच्या समोरच. पाटीवर ‘मोबाईल रिपेअरिंग’ लिहिलंय, पण डहाणूपासून तलासरीपर्यंत लोक मला ‘वायरवाले काका’ म्हणतात. कारण आधी मी टेलिफोन खात्यात होतो, खांबावर चढून लँडलाईन दुरुस्त करायचो. तेव्हा बरं होतं. वायर हातात धरून चालत राहायचं, कुठे ना कुठे ती तुटलेली सापडायचीच. आता वायरच नाही! बिघाड शोधायचा कुठे? बहुतेक वेळा तो फोनच्या मालकातच सापडतो, आणि मालकाला रिसेट मारायची सोय कुठल्याच कंपनीने अजून काढलेली नाही.

*

तलासरीकडचे भिकूदादा एकदा फोन घेऊन आले. म्हणाले, “काका, नेट हाय, पन व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाय. सारखा तारीख तारीख करतो.”

फोन बघितला. बाहेर फाल्गुन आणि फोनमध्ये पौष. मी तारीख सरळ करायला गेलो तर भिकूदादांनी माझा हातच धरला.

“तिला हात नका लावू. मीच मागे घेतली हाय.”

“का?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, “पॅक अठ्ठावीस दिवसांचा असतो ना? सत्तावीस दिवस झाले की मी तारीख मागे नेतो. मंग तो संपेल कसा?”

मी त्यांना टॉवर सांगितला, सर्व्हर सांगितला, कंपनीचं घड्याळ वेगळं असतं हे कागदावर चित्र काढून दाखवलं. भिकूदादा मान हलवत होते, पण ती मान पाहुण्याच्या पोराने पाढे म्हटल्यावर हलवतात तशी. शेवटी माझ्या शेजारी बसून एका फोनचं चार्जिंगचं तोंड साफ करत असलेली जयवंती मान वर न करता म्हणाली, “दादा, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान नाय फाडलं म्हनून पाऊस थांबतो काय?”

भिकूदादांना एका वाक्यात पटलं. तारीख सरळ झाली, नवा पॅक मारला. जाता जाता मात्र पायरीवर थांबून म्हणाले, “तरी काका, तेवढे दोन महिने म्हातारपन लांबलं.”

*

आता जयवंतीचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

ती तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची. वय असेल अठ्ठावीस-तीस. मागच्या पावसाळ्यानंतर ती पहिल्यांदा दुकानात आली ती गिऱ्हाईक म्हणून. पाड्यावर रेंज नाही. तिचा माणूस, लाडक्या, सौराष्ट्रात बोटीवर खलाशी. आमच्याकडची खूप माणसं तिकडे जातात. नारळी पौर्णिमेनंतर बोट समुद्रात उतरते ती पावसाळ्याच्या तोंडावर वर येते. मध्ये पंधरा-वीस दिवसांनी बोट बंदराला लागली की लाडक्या तिला फोन लावायचा, आणि डोंगरावर हिच्या फोनला त्याचा पत्ताच नसायचा. खाली कासाला आली की ‘तुम्हाला कॉल आला होता’ असे मेसेज यायचे. तोवर बोट पुन्हा पाण्यात गेलेली असायची.

मी फोन हातात घेतला तर म्हणाली, “काका, दुरुस्त करून नको. कसा करतात ते दाखवा.”

असं मला तीस वर्षांच्या नोकरीत कोणी म्हटलं नव्हतं. मी दाखवत गेलो. महिन्याभरात ती आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे कामाला यायला लागली, आणि दोन महिन्यांत गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायला लागलं, “बाई आहे का? नसेल तर उद्या येतो.”

तिच्या मनात काय होतं ते मला हळूहळू कळलं. ती आणि लाडक्या पाच वर्षं एकत्र राहतात. दोन पोरं आहेत. लगीन मात्र राहिलेलं. वारल्यांच्या कितीतरी घरांत हे असंच असतं. आधी संसार, मग दाणागोटा साठला की लगीन, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पोरं आईबापाच्या लग्नात नाचतात. यंदा वैशाखात पाड्यावर सगळ्यांचं मिळून एकाच मांडवात लगीन करायचं ठरलं होतं. लगीन करणाऱ्या जोड्यांची नावं एका वहीत लिहायची होती, आणि जयवंतीला त्या वहीत आपलं नाव हवं होतं. अट एकच होती, बाई आणि बाप्या दोघांनी चारचौघांत ‘हो’ म्हणायचं. एकजण लांब असेल तर फोनवरून म्हटलं तरी चालेल. होळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी वही बंद.

आणि लाडक्याला तर फोनच लागत नव्हता. पाड्यावर दोघीतिघी बोलायला लागल्या होत्या, “कसला फोन नि कसलं काय. तिकडं दुसरी केली असंल.” जयवंतीने मला हे हसत सांगितलं. पण त्या दिवशी तिने एकाच फोनचं झाकण तीन वेळा उघडून तीन वेळा लावलं.

*

डहाणूजवळ आगरला एका चिकूच्या वाडीत आम्ही दोघं गेलो होतो. वाडी दोन भावांची, मधे कुंपण. कुंपण कुणी दोन हात सरकवलं यावरून चार वर्षं अबोला. धाकट्यांच्या शेडमधला वायफायचा जुना बॉक्स जळला होता, तो काढायचा होता. घरातला नवा बॉक्स मीच मागच्या दिवाळीत लावून दिला होता.

नेमका त्याच दिवशी त्यांच्या आईने समेट ठरवला होता. सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसलेले. मी कोपऱ्यात वायर गुंडाळतोय आणि ऐकत नाहीये असं दाखवतोय.

थोरले फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, चेहरा कडक. अंगणाच्या मध्यावर थांबून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “चार वर्षांत या अंगणात पाय ठेवला नव्हता. आज आईच्या शब्दाखातर ठेवतोय.”

आणि त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. टिंग. टिंग टिंग. टिंग टिंग टिंग. वाडीत रेंज औषधालाही नाही. सकाळपासूनची सगळी सुप्रभातं घरातल्या वायफायवरून एकदम उतरत होती.

धाकट्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काका, याला पासवर्ड कोणी दिला?”

फोन एकदा जिथे जोडलेला असतो तिथेच आपणहून जोडला जातो. दिवाळीनंतर कधी ना कधी हा फोन या घरात येऊन गेला होता. मी वायर गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात धाकट्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना कप दिले आणि एक वेगळा कप थोरल्यांच्या हातात देत म्हणाली, “भावोजी, तुमचा बिनसाखरेचा.”

मधुमेह थोरल्यांना दोन वर्षांपूर्वी झाला होता. आधी आईच हसायला लागली. कुंपण अजून तिथेच आहे, पण आता त्याला फाटक केलंय.

परतताना जयवंती शेडमध्ये रेंगाळली. म्हणाली, “लाडक्या मला हितं भेटला. तीन वर्षं आम्ही ह्याच शेडमधी चिकू निवडायला यायचो. मालक मजुरांना पन नेट वापरू द्यायचे. त्यानं पहिला फोन घेतला, अजून तोच वापरतो, तेव्हा दुपारच्या सुट्टीत दोघं ह्या खांबाला टेकून बसायचो.” खांबावर मार्करने नेटचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला होता. ‘चिकू शेड’, आणि खाली आठ आकडे. मी म्हटलं, “आता बॉक्सच गेला, पुसून टाक ते.” ती ओलं फडकं घेऊन गेली आणि बराच वेळ खांबासमोर उभी राहिली. मला वाटलं, मार्कर जुना आहे, निघत नसेल.

*

वरोरच्या हिराबाईंचा किस्सा मी सगळ्यांना सांगतो, आणि सगळ्यांना वाटतं मी फेकतोय.

हिराबाई कोळीण. दोन लेक, सुना, नातवंडं, मिळून घरात चौदा फोन. एक दिवस त्यांचा फोन आला, “वायरवाले, माझं नेट बोंबील घातले की जातं.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? सकाळी बोंबील वाळत घातले की जातं. दुपारनंतर येतं.”

मी आणि जयवंती हसत हसतच वरोरला गेलो. बघतो तर बॉक्स घराच्या खिडकीत, आणि थोरला लेक बसतो ती जाळ्यांची खोली अंगणाच्या पलीकडे. मधे बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबलांच्या रांगाच रांगा, ओल्या, ठिबकत्या, पार पडदाच. पाण्यातून वायफाय नीट जात नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्ही दोन तास बसून राहिलो. जसजसे बोंबील वाळत गेले तसतशा फोनवरच्या वायफायच्या रेघा वाढत गेल्या. तीस वर्षांत मी इतका चाट पडलो नव्हतो!

उपाय सोपा होता. नवा दणकट बॉक्स आणून तो पत्र्याखाली उंच लावला, बोंबलांच्या डोक्यावरून. आता चौदा फोनांत पुन्हा पासवर्ड कोण टाकत बसणार? मी नव्या बॉक्सला जुन्याचंच नाव आणि जुन्याचाच पासवर्ड दिला. चौदाच्या चौदा फोन काही न करता जोडले गेले.

जयवंतीने विचारलं, “ह्यांना कळलं कसं, हा त्यांचाच बॉक्स?”

“अगं, फोनला बॉक्स कळत नाही की जागा कळत नाही. त्याला नाव आणि पासवर्ड एवढंच कळतं. दोन्ही जुळलं की त्याला वाटतं, घरी आलो.”

“कुठं पन?”

“कुठेही.”

तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आठ दिवसांनी हिराबाईंचा फोन. आवाज तापलेला. मी विचारलं, “काय झालं? नेट जातंय?”

“जात नाय, हाच तर ताप! आधी चार रेघा फुल्ल झाल्या की कळायचं बोंबील सुकले. आता सकाळपासून फुल्ल. मी काढायचे कधी?”

*

तलासरीच्या पुढे अगदी हद्दीला लागून देवजीभाईंचं घर आहे. ओट्यावर बसले की त्यांचा फोन गुजरातचा टॉवर पकडतो, चुलीपाशी गेले की महाराष्ट्राचा. कोणी फोन लावला की कधीकधी बाई गुजरातीत सांगायची, हा नंबर पोहोचण्याच्या बाहेर आहे. लोकांना वाटायचं हे सदानकदा गुजरातेतच असतात. त्यांनी वैतागून फोन माझ्याकडे आणला. मी सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप’ काढलं आणि महाराष्ट्राचं नेटवर्क पक्कं करून दिलं. देवजीभाई खूश.

आठ दिवसांत परत. “काका, पहेलां होतं ने, तसंच करून द्या.”

“का? फोन लागत नाही?”

“लागे छे ने! तेच तर. आधी पंचायतवाले समजायचे, देवजीभाई गुजरातला. आता दर मीटिंगला बोलावतात.”

*

जानेवारीत पाड्यावरच्या शाळेला एका संस्थेकडून वायफायचा बॉक्स मिळाला. जयवंतीचे पाय आठ दिवस आधीपासून जमिनीवर ठरत नव्हते. डोंगरावर नेट आलं म्हणजे लाडक्याचा फोन लागणार!

बॉक्स मी लावला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की नेट बंद आहे. डोंगर चढून गेलो तर बॉक्स जागेवर नाही. शाळेचे गुरुजी भले माणूस, पण सरकारी मालाला फार जपणारे. त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवला होता. वायरीपुरती भोकं पाडून, दार लावून, वर कुलूप. म्हणाले, “चालू आहे हो. आतला दिवा दिसतोय फटीतून.”

जयवंती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही कंदील कनगीत ठेवलाय.”

कंदील बाहेर आला. मग नाव द्यायची वेळ आली. गुरुजी म्हणाले शाळेचं नाव द्या, पाड्यावरचे म्हातारे जान्याबाबा म्हणाले पाड्याचं द्या. जयवंती म्हणाली, “मी टाकते,” आणि माझ्या हातातून फोन घेतला. नाव आणि पासवर्ड तिनेच टाकला. नंतर सगळ्यांनी आपापल्या फोनवर नाव वाचलं आणि तिच्याकडे बघायला लागले. ‘चिकू शेड’.

“अगं, या डोंगरावर चिकूचं एक झाड तरी आहे का?” मी म्हटलं.

“राहू द्या ना, काका.”

गुरुजींना ते फार लागलं. पुढे महिनाभर ते मला विचारायचे, शाळेच्या नेटला असं नाव कागदोपत्री चालेल का? मी तिला दोनदा रागावलो. तिने ऐकून घेतलं आणि नाव काही बदललं नाही.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण यात गाढव मीच आहे.

लाडक्याच्या फोनमध्ये नेटचा पॅक नसायचा. तो लावायचा तो साधा फोन. रेंज नसलेल्या जागी साधा फोन वायफायवरून यायला हवा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ नावाचं एक बटण चालू करावं लागतं. ते बटण मी अर्ध्या तालुक्याला चालू करून दिलंय. जयवंती शिकलेली होती, पण तिच्या फोनचं मी म्हटलं, हे मी करतो. चालू केलं, आणि ऐटीत सांगितलं, “झालं. आता शाळेत बस, बिनधास्त.”

होळीच्या सुमाराला बोट बंदराला लागायची होती. जयवंती तीन दुपारी पोरांना घेऊन शाळेच्या ओटीवर फोन मांडीवर ठेवून बसली. होळीला लाडक्या आला नाही, फोनही आला नाही. चौथ्या दिवशी ती कासाला जीपमधून उतरली आणि रेंज मिळताच फोन टिंग टिंग करायला लागला. नऊ मेसेज. लाडक्याने नऊ वेळा फोन लावला होता. बोट परत पाण्यात गेली होती.

मी तिचा फोन हातात घेतला आणि बघितलं. तिच्या फोनमध्ये दोन सिम. वायफाय कॉलिंग मी चालू केलं होतं पहिल्या सिमला. लाडक्याला पाठ असलेला नंबर दुसऱ्या सिमचा!

तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “हुतं असं कधी काका,” आणि पुढ्यातला फोन उघडून कामाला लागली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीस वर्षांचा अनुभव, आणि दोन सिम मोजता आले नाहीत.

दुपारी ती दुकानाच्या मागे गेली आणि तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून लाडक्याला पाठवला. काय बोलली ते कोणाला माहीत नाही. मला फक्त लांबी दिसली, सात सेकंद. एक टिक पडली. त्याचा फोन कुठल्या तरी नेटवर येईल तेव्हा दुसरी पडणार.

मग सगळं कासा त्या दुसऱ्या टिकवर अडकलं. जीपवाले हॉर्न वाजवून विचारायचे, “पडली काय?” भिकूदादा नवा पॅक मारायला आले तेव्हा म्हणाले, “तारीख मागे नेऊन बघू काय?” हिराबाईंनी वरोरहून सुके बोंबील पाठवले, पोरांसाठी म्हणून. टिक एकच राहिली. रविवार जवळ येत होता आणि जयवंती रोज संध्याकाळी जीपमध्ये बसायच्या आधी फोन एकदा बघून कमरेला खोचायची.

*

त्या रविवारी मी डोंगर चढून गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या सिमचं बटण चालू आहे ना, हे मला स्वतः बघायचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

शाळेच्या ओटीवर पाड्यावरची माणसं जमली होती. जान्याबाबांच्या मांडीवर वही, शेजारी गुरुजी पेन घेऊन. एकेक जोडी पुढे येत होती, दोघं ‘हो’ म्हणत होती, बायका हसत होत्या. एका जोडीची पोरगी आईबापाच्या मधे उभी राहून तीही ‘हो’ म्हणाली, तर जान्याबाबांनी तिचंही नाव लिहायचं नाटक केलं. आठ जोड्या झाल्या. जयवंती खांबाजवळ बसली होती, धाकटं पोर मांडीवर, फोन हातात. जान्याबाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मुद्दाम तंबाखू मळायला काढली. तंबाखू मळायला माणसाला एवढा वेळ लागतो हे मी प्रथमच पाहत होतो.

खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने एक माणूस चढण चढून वर आला. उन्हाने काळा पडलेला, खांद्याला रेक्झिनची बॅग. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण जयवंतीचं थोरलं पोर ओटीवरून उडी मारून धावलं तेव्हा कळलं. धाकटं आईच्या पदरात शिरलं. जयवंती उठली नाही.

लाडक्या ओटीसमोर येऊन उभा राहिला. घाम पुसत तिला म्हणाला, “नऊ वेळा फोन लावला. नाय लागला. बोट पुन्हा बंदराला लागली तसा बोटीवरच्या टांडेलला बोललो, मला उतरव. घरी काय झालं बघून येतो.”

फोन लागला नाही म्हणून माणूस आला होता! ज्या नऊ कॉलसाठी मी पंधरा दिवस स्वतःला शिव्या घालत होतो, ते नऊ कॉल. मी चष्मा पुसायला घेतला.

“मेसेज मिळाला नाय?” जयवंतीने विचारलं.

“कनचा मेसेज?”

तेवढ्यात त्याच्या खिशात टिंग झालं.

त्याने फोन बाहेर काढला. पाच वर्षांचा जुना फोन, काच तडकलेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. जयवंतीने हातातल्या आपल्या फोनकडे बघितलं, आणि तिच्या मागे बसलेल्या बाईने वाकून बघितलं, आणि ती ओरडलीच, “पडली! दुसरी पडली!”

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचा हिशोब पक्का असतो. “थांबा,” ते म्हणाले, “हा गेला नारळी पौर्णिमेनंतर. बॉक्स लागला जानेवारीत. फोनला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. काका, याला पासवर्ड कोणी दिला?”

लाडक्याने अंगठ्याने काच पुसली आणि पडद्यावर वरच्या बाजूला आलेलं नाव वाचलं. त्याने मान वर करून शाळेच्या पत्र्याकडे पाहिलं. मग सगळ्या डोंगरावर नजर फिरवली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साग होते, पळस होते. मग तो खांबाजवळ बसलेल्या जयवंतीकडे बघायला लागला आणि बघतच राहिला. फोनमधला तो सात सेकंदांचा आवाज ऐकायला त्याने बोट पुढे नेलं.

“ते मागनं ऐक,” जयवंती म्हणाली. ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि वहीसमोर जाऊन उभी राहिली.

“जान्याबाबा, लिहा आता. ऊन चढलं.”